ज्यानं उघडलं, त्यानं लावावं

लून बेट, २ फेब्रुवारी

प्रिय सायमा,

खण्, खण्, आणि मग धप्प. आमच्या शाळेच्या दाराचा हा आवाज आज सकाळपासून कानात आहे. दाराला दोरीनं एक लोखंडी वजन टांगलेलं असायचं. दार उघडलं की ते भिंतीला आपटत वर जायचं आणि सोडलं की दाराला ओढत खाली यायचं. तरी शेवटची बोटभर फट उरायचीच. त्या फटीतून सरोवरावरचा वारा आत शिरला की रौटिओबाई कविता कडव्याच्या मध्येच थांबवायच्या आणि वर न बघता म्हणायच्या, "ज्यानं उघडलं, त्यानं लावावं." येताना आधी बाहेरचं दार, मग पडवीचं, मग वर्गाचं. जाताना उलटं, आतलं आधी बंद करायचं.

पन्नाशी उलटल्यावर काउंटीच्या नोकरीत वेबपेज लिहायला शिकलो, तेव्हा हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. एक टॅग उघडायचा, त्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, आणि बंद करताना आतला आधी. ध्रुपदाची ओळ आम्ही वहीत थोडी आत सरकवून लिहायचो, तशाच कोडच्या ओळी आत आत सरकत जायच्या. मला ते काम कधी काम वाटलंच नाही.

आता मुद्द्यावर येतो. मी संतापलोय. गोठलेल्या सरोवरावरून पलीकडच्या काठाला जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्याचं माझं पान तुला आठवतंय ना? अडीच मैलांचा रस्ता, त्याचे सात टप्पे. प्रत्येक टप्प्याच्या चौकटीत बर्फाची जाडी, आणि जाडीच्या चौकटीत एक रंगीत ओळ: सुरू, फक्त हलक्या गाड्या, बंद. बारा हिवाळे हे पान चाललं. गेल्या सोमवारी काउंटीनं मला न विचारता सर्व्हरवर माझं पान ज्यावर उभं आहे त्या तुमच्या झाडाच्या नावाच्या फ्रेमवर्कचं, टॅमरॅकचं, नवं व्हर्जन चढवलं. पान उघडतं, सातही चौकटी दिसतात. पण आत जाडीही नाही, रंगही नाही. प्रत्येक चौकटीत एकच मजकूर: 'टॅमरॅक डॉट एचटीएमएल डॉट एलिमेंट'. सात वेळा.

मला हे कळलं व्हर्नाच्या फोननं. व्हर्ना काँगस, बेटाच्या पलीकडच्या टोकाची. एक्याऐंशी वर्षांची झाली, आणि आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला पलीकडच्या काठावर पोर्ट ॲशबर्नला जाते, स्वतः गाडी चालवत.

"आर्विड," म्हणाली, "बर्फ कसा आहे विचारलं तर तुझं पान मला झाडाचं नाव सांगतंय. झाडं मला दिसतात. बर्फाचं सांग."

काउंटीच्या पेल्कीला फोन केला. तो म्हणतो, "जुनं पान आहे हो, बघतं कोण? मोबाइलवरचं ॲप येतंय." कधी? "पुढच्या हिवाळ्यात." आणि हा हिवाळा? "पान ठेवायचं की काढायचं ते चार मार्चच्या बैठकीत ठरेल." तोवर व्हर्नानं काय मूत्रपिंडांना रजा द्यायची?

तू तर टॅमरॅक बनवणाऱ्यांच्यातच बसतेस. हा उद्योग कोणाचा, तेवढं शोधून कळव.

तुझा मामा,
आर्विड

*

मिनिआपोलिस, ६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र मिळालं. ई-मेल केला असतास तर त्याच दिवशी मिळालं असतं, पण तुला सांगून उपयोग नाही.

आमच्याकडे चाळीस माणसं आहेत. एखादा बदल एका माणसाचा असा नसतो. आणि एवढा मोठा बदल कोणी गंमत म्हणून करत नाही, काहीतरी कारण असेलच. तू इतक्यात कोणाच्या नावानं खडे फोडू नकोस. पेल्कीला सांग, जुनं व्हर्जन तात्पुरतं परत लाव. दहा मिनिटांचं काम आहे.

व्हर्नाआजीला म्हणावं, तिचा मुलगा पलीकडे राहतो, महिनाभर त्याच्याकडे राहा. ऐकणार नाही, ठाऊक आहे.

आपलं मागचं दार अजून तसंच आहे का? कडी वर उचलायची, पाठ टेकवायची आणि गुडघ्यानं ढकलायचं? मी इथेही दारांना गुडघा लावते. ऑफिसातले हसतात.

तुझी,
सायमा

*

लून बेट, १० फेब्रुवारी

प्रिय सायमा,

दार तसंच आहे. सुताराला हात लावू देत नाही.

पेल्की जुनं व्हर्जन लावत नाही. म्हणतो ते असुरक्षित आहे. अडीच मैल बर्फावर आंधळं जाणं सुरक्षित, आणि माझं पान असुरक्षित. हे तो तोंड वर करून म्हणाला, मीच मान खाली घातली, त्याची लाज वाटून.

'कारण असेल' असं तू लिहिलंस. तुझा स्वभावच तसा. लहानपणीही मांजरानं दूध सांडलं की तू मांजराची बाजू घ्यायचीस. पण मी त्या माणसाला दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहणार नाही. सोबत चिठ्ठी जोडली आहे. त्याच्या हातात दे. वाचताना चेहरा कसा होतो ते बघ आणि कळव.

मामा

(सोबतची चिठ्ठी)

गृहस्थ हो,

मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही तरुण असाल, तुमच्या खिडकीतून कदाचित सरोवर दिसतही असेल, चित्रातल्यासारखं. आमच्याकडे नाताळ झाला की प्रत्येक घरचं झाड बर्फावर नेऊन रोवतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना, म्हणजे हिमवादळातही वाट कळावी. कोणाचं झाड कुठलं हे लोकांना वसंतापर्यंत आठवतं. पाचव्या टप्प्यावर माझ्या बायकोच्या नावाचं झाड असतं. ती गेल्याला नऊ वर्षं झाली, मी दर वर्षी नेऊन रोवतो.

एका रात्रीत ती सगळी झाडं कोणी उपटली, आणि प्रत्येक खड्ड्यात 'झाड' असं लिहिलेली पाटी लावली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? तुम्ही तेच केलंत. आतला मजकूर काढलात आणि मजकूर ठेवण्याच्या डब्याचं नाव तिथे छापलंत. आमच्या शाळेत वर्गाचं दार उघडं टाकून पळणाऱ्या मुलाला परत बोलावून सर्वांदेखत लावायला लावत. तुम्हाला कोणी बोलावत नाही, म्हणून मी बोलावतोय.

आर्विड निएमी

*

मिनिआपोलिस, १५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

चिठ्ठी पोचवली. दोनदा वाचली गेली. पाचव्या टप्प्याच्या ओळीपाशी बराच वेळ लागला. उत्तर आलं नाही. चेहऱ्याचं मला सांगता येत नाही.

आता रडगाणं पुरे, काम कर. तुझी चूक अशी: तू आतला एलिमेंट, म्हणजे चिठ्ठीतला तो डबा, बनवतोस, त्याला शब्दांत उतरवतोस आणि ते शब्द बाहेरच्या एलिमेंटमध्ये चिकटवतोस. नव्या व्हर्जनमध्ये एलिमेंटला 'शब्द हो' म्हटलं की तो फक्त स्वतःचं नाव सांगतो. म्हणजे तू डब्यात डबा ठेवायच्या ऐवजी आतल्या डब्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवतोयस. डबाच ठेव. अख्खा. शब्द शेवटी एकदाच होतील, सगळ्यात बाहेरचा डबा पानावर जाताना.

सात टप्पे, तीन पातळ्या. तुला एक दुपार पुरे.

सायमा

*

लून बेट, २० फेब्रुवारी

सायमा,

एक दुपार म्हणे. दोन लागल्या.

पहिल्यांदा मी टॅग हातानं लिहून आत घातले. ते फ्रेमवर्कनं साधा मजकूर समजून तसेच छापले, कंसाबिंसासकट. माझ्याच मशिनवर पाहत होतो, पण व्हर्ना पाव द्यायला आली आणि खांद्यावरून डोकावली. "बरं झालं," म्हणाली, "काल नुसतं नाव होतं, आज हाडंही दिसली. उद्या बोलायला लागेल." शेवटी तू म्हणालीस तसा डब्यात डबा ठेवला, आणि सातही टप्पे उजळले. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

पण पेल्की ते चढवत नाही. बैठकीआधी कशालाच हात लावणार नाही म्हणतो.

त्यानं पहिल्यांदा नाही म्हटल्यापासून रोज सकाळी सातला मी पहिल्या झाडापाशी जातो, बर्फ मोजणाऱ्यांकडून आकडे घेतो आणि फळ्यावर खडूनं लिहून फळा झाडाला टांगतो. या वयात मला संगणकाकडून पुन्हा खडूकडे पाठवलं, त्या तुझ्या चाळिसांना सांग.

गुरुवारी मला ताप होता, गेलो नाही. फळ्यावर बुधवारचे आकडे राहिले. व्हर्ना निघाली. खिडक्या उघड्या, पट्टा सोडलेला, बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून सगळे तसंच जातात. चौथ्या टप्प्यावर पुढची चाकं पाण्यात. वीतभर पाणी, पण खाली काय आहे कोणाला ठाऊक? तिनं पाव मैल गाडी उलटी चालवत आणली, वळायला जागा नव्हती. डायलिसिस हुकलं. घोटे भाकरीसारखे फुगलेत, बुटाची नाडी बांधता येत नाही.

"पानाला मी आता विचारत नाही," म्हणते, "आणि तुझ्या फळ्यालाही नाही. झाडं उभी दिसली की जाईन."

बारा वर्षं या बाईनं माझ्या पानाच्या भरवशावर सरोवर ओलांडलं. तो विश्वास आता कोणत्या व्हर्जनमध्ये परत मिळणार आहे, विचार तुझ्या त्या गप्प बसलेल्या माणसाला.

मामा

*

मिनिआपोलिस, २६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तो माणूस मी आहे.

बदल मीच सुचवला, मीच लिहिला, विरोध करणाऱ्यांशी मीच भांडले. तू पहिल्या पत्रात विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. घाबरले. तुझी चिठ्ठी उघडून माझ्याच टेबलाशी वाचली. 'गृहस्थ हो.'

पण मामा, आता मीही रागावणार आहे. शब्दाला शब्द चिकटवून पान बनवायला मला कोणी शिकवलं? तूच, आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. मी ते इथे आणलं, आणि माझ्यासारख्या हजारोंनी. मग एका छोट्या दवाखान्याच्या पानावर कोणीतरी नावाच्या रकान्यात नाव न लिहिता कोड लिहिलं. पानानं ते नाव समजून चिकटवलं, आणि ते चालू लागलं. दोनशे रुग्णांची माहिती दिवसभर उघडी पडली. एका बाईचा नवरा तिला शोधत होता, त्याला तिचा पत्ता तिथे मिळाला. तिचा जीव वाचला. तिचा फोन मी घेतला होता, मामा. तू व्हर्नाचा घेतलास तसाच.

म्हणून मी ती पद्धतच बंद केली. माणसानं लिहिलेले शब्द वेगळे, एलिमेंट वेगळे, मिसळायचे नाहीत. सूचना आम्ही चौदा महिने आधी लावली होती. चौदा महिने. तू वाचली नाहीस, पेल्कीनं वाचली नाही. त्याचं खापर माझ्यावर?

व्हर्नाआजीच्या घोट्यांचं वाचल्यापासून मला झोप नाही, हेही खरंच.

सायमा

*

लून बेट, ९ मार्च

सायमा,

आठ दिवस मी पेनला हात लावला नाही. लावला असता तर जे लिहिलं असतं ते पोस्टानं परत घेता येत नाही.

त्या बाईचं वाचलं. चिकटवण्याची पद्धत बंद केलीस ते योग्य केलंस. मी तुला चुकीचं शिकवलं. हे एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नकोस.

पण तुझी चौदा महिन्यांची सूचना! कुठे लावली होतीस? जिथे फक्त तुमच्यासारखी माणसं येतात त्या पानावर. बाहेर उभ्या असलेल्या माणसांसाठी दाराच्या आतल्या बाजूला पाटी लावायची आणि मग म्हणायचं, वाचली का नाही? आणि लपवलंस, तेही मला. त्याचं दुःख वेगळं आहे, ते कोडमध्ये बसत नाही.

खरा राग तिसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि तो मला बैठकीत उभा असताना कळला. तीन मिनिटं देतात बोलायला. मी दोन मिनिटं रौटिओबाईंवरच घालवली. अध्यक्ष घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात व्हर्ना उठली, फुगलेल्या पायांवर, हातात माझ्या मोडक्या पानाचा छापील कागद.

"मी आज रस्त्याची स्थिती वाचून दाखवते," म्हणाली. "टप्पा पहिला: टॅमरॅक डॉट एचटीएमएल डॉट एलिमेंट. टप्पा दुसरा: टॅमरॅक डॉट एचटीएमएल डॉट एलिमेंट." सातही वाचले. आवाज न चढवता, कविता म्हणावी तशी, प्रत्येक ओळीशेवटी थांबून. चौथ्या टप्प्यावर थोडी जास्त थांबली. मग पेल्कीला म्हणाली, "बाळ, आता सांग, मी जाऊ की नको?"

पेल्की कानापर्यंत लाल झाला. नवं पान सोमवारी चढलं.

पण ती वाचत असताना मला दिसलं ते असं. पान मोडलं होतं, आणि ते मोडलंय हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. उघडत होतं. चौकटी जागेवर. बर्फ मोजणारे रोज आकडे भरत होते, सर्व्हर 'ठीक' म्हणत होता. पान उघडलंच नसतं तर पेल्कीला त्याच मिनिटाला कळलं असतं. सायमा, तू या बेटावर वाढलीस. जो बर्फ ओरडतो तो धरतो. रात्री तोफेसारखा आवाज करतो त्याच्यावरून आपण बिनघोर जातो. भ्यायचं ते गप्प बर्फाला. तुझ्या बदलानं जुनं कोड मोडलं, मोडू दे. पण ते गप्प मोडलं. हे मी तुला शिकवलं नव्हतं. हे तुला कोणी शिकवलं?

मामा

*

मिनिआपोलिस, १३ मार्च

मामा,

हे कार्डच पाठवते, कारण सांगायला एकच गोष्ट आहे.

तुझं म्हणणं बरोबर आहे. तुझं पत्र मी चाळीस माणसांसमोर वाचलं, गप्प बर्फापर्यंत. कोणी हसलं नाही. आता आतल्या एलिमेंटला कोणी जुन्या पद्धतीनं शब्द करून चिकटवू लागलं, तर कोड तिथेच थांबतं, ओळ दाखवतं आणि काय करायचं ते सांगतं. मोठ्यानं. याच आठवड्यात बाहेर पडतंय. म्हणून यंदा बर्फ असेतो यायला जमायचं नाही. शनिवारी सॉनाची वाफेची खोली तापवशील तेव्हा माझ्या वाटणीचं एक भांडं पाणी दगडांवर टाक.

सायमा

*

लून बेट, १८ मार्च, दुपार

प्रिय सायमा,

कार्ड मिळालं. पाणी टाकलं. राग अर्धा उतरलाय. उरलेल्या अर्ध्यासाठी तुला समोर बसवून बोलावं लागेल, आणि तू येत नाहीस.

हे पत्र मी तुला लिहितोय ते खरं तर हाताला काम हवं म्हणून. काल रात्रीपासून दक्षिणेचा वारा सुटलाय. झाडं तिरकी झाली आहेत, तुझ्या मामीचंही. दुपारी बाराला चौथा टप्पा लाल झाला, बंद. पानानं बरोबर सांगितलं, जाडीसकट. मी बघत होतो. बारा वर्षांत मला त्या लाल ओळीची अशी भीती कधी वाटली नव्हती, कारण व्हर्ना सकाळीच पलीकडे गेली आहे आणि ती आता पान बघत नाही. दवाखान्यात फोन केला. दीडला निघाली म्हणाले. आता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. गाडीला वीस मिनिटं लागतात.

पेल्कीला फोन केला. तो धक्क्यावर माणूस पाठवतो म्हणाला. आज त्यानं पहिल्यांदा 'बघतं कोण' असं म्हटलं नाही.

पान बरोबर असून काय उपयोग, सायमा? आपण ते दुरुस्त केलं, तू तिकडून, मी इकडून. पण ती एकदा गप्प बर्फावर गेली आहे. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू की आता विश्वास ठेव? चूक आपण केली आणि परीक्षा तिची. या वयात मला एकच गोष्ट सहन होत नाही, ती हीच.

मागच्या पायरीवर पाय वाजले.

व्हर्ना आहे. दारात उभी, चिंब, जिवंत. पेन मी खाली ठेवलेलं नाही, ती म्हणतेय ते तसंच उतरवतोय. ती स्टुलावर बसून बूट सोडतेय आणि तोंडाचा पट्टा सुरू आहे.

"असा काय बघतोस? गाडी पलीकडेच ठेवली. दोन तास वाट पाहून त्या बर्फावर सरकणाऱ्या पंख्याच्या होडीनं आले, कानठळ्या बसल्या. मी सरळ निघाले होते, झाडं दिसत होती. तर धक्क्यावर एक आगाऊ पोरगी आडवी आली, गाडीसमोर उभीच राहिली. हातात ते यंत्र. म्हणते, आजी, आधी हे वाचा, मग हवं तर माझ्या अंगावरून जा. वाचलं. लाल होतं. सहा इंच, खाली पाणी, सगळं लिहिलेलं. मी म्हटलं, बरं बाई, पान बोलायला लागलं म्हणायचं. दार लाव गं, वारा येतोय."

हे शेवटचं ती मला म्हणाली नाही. तिच्या मागे पडवीत आणखी कोणीतरी बुटांवरचा बर्फ झटकतंय. चेहरा गळपट्ट्यात आहे, मला दिसत नाही.

आता आत आली. वळली, कडी वर उचलली, पाठ टेकवली आणि गुडघ्यानं दार ढकललं.

धप्प. फट राहिली नाही.